इंडस्ट्रियल बँड ब्लॅक मेटलकडे वळला की श्रोते का दुभंगतात?

चौथा_ठोका (धागाकर्ता)

आवडत्या बँडने शैली बदलली की श्रोत्यांत दोन तट पडतात, यात नवीन काही नाही. तरीही इंडस्ट्रियल (यंत्रांच्या कर्कश आवाजांवर उभे असलेले) संगीत करणारा बँड ब्लॅक मेटलकडे (अतिजलद, काळोख्या मेटलकडे) वळतो तेव्हा जो गदारोळ उठतो, तो मला नेहमीच निराळ्या जातीचा वाटत आला आहे. मिनिस्ट्री या बँडने १९८३ च्या पहिल्या अल्बममध्ये सिंथपॉपने (सिंथेसायझरवरच्या पॉपने) सुरुवात केली आणि १९८८ पर्यंत ती गिटारच्या कर्कश माऱ्यापर्यंत पोहोचली. त्या प्रवासात काही श्रोते गळाले, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक नवे येऊन मिळाले. ब्लॅक मेटलच्या बाबतीत मात्र गळणारे मोठ्याने दार आपटून जातात आणि नव्याने येणारे दारातच घुटमळत राहतात.

नेमके उदाहरण घ्यायचे तर कॅलिफोर्नियाच्या साइक्लॉन नाइनचे घेऊ. नीरो बेलम याच्या या बँडचे 'डिव्हाइन इन्फेक्ट' (२००३) आणि 'आयएनआरआय' (२००५) हे पहिले दोन अल्बम अ‍ॅग्रोटेक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातले होते. सरळ, दणकट ठेका, वर तीक्ष्ण सिंथ आणि यंत्रातून विस्कटून काढलेला किंचाळणारा आवाज, असा सगळा क्लबमध्ये चालणारा मामला होता. २००६ च्या तिसऱ्या अल्बमपासून त्यात गिटार शिरली, ब्लॅक मेटलची छाया पडली आणि २००९ च्या 'वी द फॉलन'पर्यंत जुना साचा बराचसा मोडला गेला. या बँडच्या चाहत्यांमध्ये आजही 'दुसऱ्या अल्बमपर्यंतचे' आणि 'तिसऱ्यापासूनचे' असे दोन गट सहज ओळखू येतात.

या भांडणात बहुतेक लोक गिटारवर, चेहऱ्याला फासलेल्या काळ्या-पांढऱ्या रंगावर किंवा गीतांमधल्या सैतानावर बोट ठेवतात. माझ्या मते खरे कारण ठेक्यात आहे, आणि ते जरा तपशिलात सांगतो.

क्लबसाठी बांधलेल्या इंडस्ट्रियल गाण्याचा वेग मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास धरला, तर किक ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) दोन ठोक्यांमधले अंतर साधारण ४६० मिलिसेकंद भरते. तेवढ्या वेळात किकचा सुरुवातीचा टणत्कार, त्यामागून येणारी खर्जातली शेपटी आणि मग एक छोटी पोकळी, असे तिन्ही भाग सावकाश ऐकू येतात. ती पोकळी महत्त्वाची असते, कारण शरीर पुढच्या ठोक्याची तयारी तिथे करते. आता ब्लॅक मेटलचा ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमवरचा अखंड अतिजलद मारा, पाहा. मिनिटाला २२० ठोक्यांची गती धरून प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले, तर दोन आघातांमधले अंतर ६८ मिलिसेकंदांवर येते. जुन्याच किकचा नमुना त्या गतीने वाजवला तर एकाची शेपटी संपण्याआधी पुढचे दोन-तीन आघात येऊन आदळतात आणि स्पीकरमधून नुसता गढूळ घुमारा बाहेर पडतो. म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्याला किकची शेपटी छाटून तिचा जवळजवळ टाइपरायटरसारखा टकटकाट करावा लागतो. गती वाढली असे आपण म्हणतो खरे, परंतु प्रत्यक्षात खालचा सगळा खर्जच निघून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट वरच्या पट्टीत घडते. एकच स्वर अतिजलद छेडत राहण्याची ब्लॅक मेटलची जी गिटारपद्धत आहे, तिचा आवाज मध्यम आणि उंच कंप्रतांमध्ये दाट पसरतो, आणि नेमकी तीच जागा इंडस्ट्रियलमधल्या करवती सिंथची असते. दोघांना एकत्र ठेवले तर दोघेही चिरडले जातात. त्यामुळे बँडला कुणातरी एकाची निवड करावी लागते, आणि बहुधा सिंथच मागे सरकतो. म्हणजे ज्या श्रोत्याला ठेका हवा होता त्याचा ठेका गेला, ज्याला सिंथ हवा होता त्याचा सिंथ पडद्याआड गेला, आणि नव्या श्रोत्याला जे मिळाले ते त्याच्याकडे नॉर्वेच्या डझनभर बँडांकडून आधीच आलेले होते.

तेव्हा माझा दावा असा, की बँडने यंत्र सोडले नाही तर हे वळण तरून जाते आणि यंत्र सोडले तर बुडते. 'यंत्र' म्हणजे ड्रम मशीन, सॅम्पलर (मुद्रित आवाजांचे तुकडे वाजवणारे उपकरण) आणि त्यांतून येणारी निष्ठुर, न थकणारी नियमितता. आपली मते वाचायला आवडतील. 'मला आवडले' किंवा 'मला आवडले नाही' एवढ्यावर न थांबता का ते लिहावे, ही विनंती.

अरण्यवात

मी या चर्चेत पलीकडच्या तीरावरून येतो आहे. माझे कान ब्लॅक मेटलवर घडले आणि इंडस्ट्रियलशी ओळख नंतर झाली. धागाकर्त्याचे ठेक्याविषयीचे विवेचन पटले, पण या दोन प्रवाहांना परके मानून मांडलेला हिशेब पटला नाही.

नॉर्वेच्या मेहेम या ब्लॅक मेटल बँडच्या १९८७ च्या 'डेथक्रश'ची सुरुवातच मुळी गिटारने होत नाही. ती कॉनराड श्निट्झलर या बर्लिनच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या तालवाद्यांच्या तुकड्याने होते. हे श्निट्झलर टँजरिन ड्रीम या जर्मन बँडच्या पहिल्या अल्बममध्ये होते आणि क्लुस्टर या गटाच्या संस्थापकांपैकी एक होते. मेहेमचा गिटारवादक युरोनिमस त्यांचा निस्सीम चाहता होता आणि ती रचना त्याने त्यांच्याकडून मागून घेतली होती. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलचा पाया ज्या माणसाने घातला असे सगळे मानतात, त्याच्या कपाटात जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तबकड्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

बुर्झुमचा, म्हणजे वर्ग विकर्नेस या एकट्या माणसाच्या बँडचा, १९९६ मध्ये आलेला 'फिलोसोफेम' ऐका. त्या माणसाविषयी आणि त्याच्या विचारांविषयी माझ्या मनात तिटकाराच आहे. मी फक्त ध्वनीबद्दल बोलतो आहे. गिटार नेहमीच्या अ‍ॅम्प्लिफायरऐवजी घरगुती स्टिरिओमधून काढलेली, गाण्यासाठी मुद्दाम हलक्यातला हलका हेडसेट मायक्रोफोन निवडलेला, आणि त्यात पंचवीस मिनिटांचा एक तुकडा असा, की त्यात सिंथवरचे मोजके स्वर फिरत राहतात आणि दुसरे फारसे काही घडत नाही. उपकरणाचा दोष हेच उपकरणाचे सौंदर्य मानायचे, ही दृष्टी इंडस्ट्रियलचीच आहे ना?

मग आमच्या बाजूचे श्रोते अशा बँडकडे संशयाने का पाहतात? धागाकर्ते म्हणतात की तेच संगीत आमच्याकडे आधीच असते. मला कारण थोडे वेगळे वाटते. ब्लॅक मेटलमध्ये नव्याने येणाऱ्याकडून एक प्रकारची तपश्चर्या अपेक्षित असते; डेमो कॅसेट, फोटोकॉपी केलेली नियतकालिके, वर्षानुवर्षांचा अज्ञातवास. दुसऱ्या प्रांतात नाव कमावून, चांगल्या स्टुडिओचे पैसे खिशात घालून कुणी थेट आत आला, की तो पाहुणा म्हणून आला आहे की घर बळकावायला, असा प्रश्न पडतो. हा उर्मटपणा आहे, हे मला मान्य आहे. पण तो उर्मटपणा आहे म्हणून नाहीसा होत नाही.

आणि हेही खरे की काही बँड फक्त रंग आणि काटेरी पट्टे घेऊन येतात. त्यांच्या गिटारमध्ये थंडी नसते. ती थंडी कशाने येते, हे विचाराल तर अर्धवट बेसूर स्वरजोड्या, मोकळ्या तारा सतत घुमत ठेवणे आणि रिफ (गिटारची परत परत येणारी स्वरावली) लवकर न बदलण्याचा संयम, या तीन गोष्टींवर मी बोट ठेवीन. क्लबच्या सवयीचा बँड दर आठ मात्रांनी काहीतरी बदलतो. तिथेच चोरी पकडली जाते.

फीतफिरकी

मी क्लबमध्ये गाणी लावण्याचे काम करतो, त्यामुळे माझे मत जरा धंद्याच्या अंगाने जाईल. ते इथे मांडतो, कारण या भांडणात डीजे हा घटक कुणी लक्षात घेत नाही.

फ्रंट २४२ या बेल्जियन बँडने १९८४ च्या सुमारास आपल्या संगीतासाठी 'इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक' ही संज्ञा वापरली, तेव्हापासून इंडस्ट्रियलच्या एका मोठ्या शाखेचे पोट क्लबवर चालत आले आहे. इथे बँडची कीर्ती रेडिओ करत नाही, मासिके करत नाहीत. शनिवारी रात्री गाणे लागले आणि मजला भरला की बँड मोठा होतो. अशा बँडचा नवा अल्बम हाती आला की मी पहिल्यांदा पाहतो, की आधीच्या गाण्याच्या ठेक्यावर ठेका ठेवून ते आत घेता येईल का आणि सुरुवातीला निदान सोळा मात्रा निव्वळ ठेका आहे का. ब्लास्ट बीटवर उभे असलेले गाणे या परीक्षेत बसत नाही. वेग मध्येच दुप्पट होतो, मध्येच निम्मा होतो, सुरुवातीला दीड मिनिट वारा वाहतो आणि संपताना गिटारचा गुंजारव विरत जातो. ते गाणे मी घरी चारदा ऐकेन, पण क्लबमध्ये लावणार नाही.

परिणाम असा होतो, की ज्यांनी बँडला मोठे केले त्यांच्या कानावर नवा अल्बम पडतच नाही. त्यांना बँडची जुनी दोन गाणी दर शनिवारी ऐकू येत राहतात आणि नवे काय ते फक्त कुजबुजीतून कळते. 'बँडने आम्हाला सोडले' ही त्यांची भावना मग खोटी म्हणता येत नाही.

यावर उपाय इंडस्ट्रियलच्या परंपरेत होता, आणि तो म्हणजे रीमिक्स. एकाच्या गाण्याची दुसऱ्याने मोडतोड करायची आणि ती त्याच तबकडीवर अभिमानाने छापायची, ही या जगातली जुनी रीत आहे. ब्लॅक मेटलकडे वळणाऱ्या बँडने मूळ गाणे हवे तितके रानटी ठेवावे आणि एक क्लबसाठीचे रूप सोबत द्यावे. पण वळलेल्या बँडला नेमकी त्याचीच लाज वाटू लागते, असा माझा अनुभव आहे. नव्या सासरी माहेरचे नाव काढायचे नाही, असा काहीसा प्रकार.

लोखंडी_पडदा

वरील प्रतिसाद वाचून थोडा अचंबा वाटला. क्लब आणि चार मात्रांचा किक यांनाच इंडस्ट्रियलचे मूळ समजून सगळी चर्चा चालली आहे. थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश बँडने १९७६ मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, त्यावरून या संगीताला नाव मिळाले. आइनश्ट्युर्झेंड नॉयबाउटन या बँडचे लोक १९८० पासून पश्चिम बर्लिनमध्ये पत्रे, स्प्रिंगा आणि ड्रिल मशीन वाजवत होते. या मंडळींना कुणी नाचावे अशी अपेक्षा नव्हती. उलट श्रोता अस्वस्थ होऊन उठून गेला तरी त्यांची हरकत नव्हती. ज्यांची तक्रार 'ठेका गेला' अशी आहे, ते मुळात दहा वर्षांनी मागाहून आलेल्या पाहुण्यांचे वंशज आहेत.

या दृष्टीने पाहिले तर ब्लॅक मेटलकडे जाणे ही फारकत ठरत नाही. तो जुन्या घराकडे जाणारा आडमार्ग आहे. स्वीडनच्या एमझेड ४१२ चे उदाहरण इथे अजून कुणी दिले नाही, याचे नवल वाटते. १९८८ मध्ये 'माशिनेनत्सिमर ४१२' या नावाने हा गट सुरू झाला, म्हणजे 'यंत्रखोली' हे त्यांच्या नावातच होते. त्यांचा पहिला अल्बम निखळ इंडस्ट्रियल होता. पुढे १९९५ मध्ये त्यांनी जो अल्बम काढला त्यात ब्लॅक मेटलची सगळी काळोखी आली, पण गिटारच्या रिफ जवळपास नाहीतच; आहेत ते ढोल, घोष, कुजबुज आणि लोखंडाचे घर्षण. स्वतःच्या संगीताला त्यांनी 'ब्लॅक इंडस्ट्रियल' म्हटले आणि त्या नावाची एक वेगळी वाटच पडली. त्यांचे प्रकाशन करणारी कोल्ड मीट इंडस्ट्री ही १९८७ मध्ये स्थापन झालेली स्वीडिश कंपनी. एम्परर हा नॉर्वेचा ब्लॅक मेटल बँड सोडून बाहेर पडलेल्या मॉर्टिसचे सुरुवातीचे काही सिंथवरचे अल्बमही तिनेच काढले. दोन प्रवाहांची गाठ तिथे इतकी सहज पडली होती की कुणाला तिची बाजू घेऊन भांडावेसे वाटले नसावे.

साइक्लॉन नाइनविषयी बोलायचे तर त्यांच्या बाबतीत गोंधळ उडाला तो शैली बदलल्यामुळे नाही. त्यांचा श्रोतावर्ग क्लबमधून आला होता आणि क्लबच्या बाहेर त्याला इंडस्ट्रियलचा इतिहास ठाऊक नव्हता, हे त्यामागचे कारण.

फीतफिरकी

लोखंडी_पडदा यांना एकच सांगावेसे वाटते. थ्रॉबिंग ग्रिसलच्या १९७९ च्या अल्बमवर सीक्वेन्सरवर (स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर) चालणारी, चक्क डिस्कोच्या अंगाची गाणी आहेत. तेव्हा ठेका दहा वर्षांनी आलेल्या पाहुण्यांनी आणला, हे विधान तपासून घ्यावे. मूळ घरातही एक खोली नाचण्यासाठी होती.

काठावरचा

धाग्यावर अजून कुणी बोललेले नाही अशी एक बाजू मांडतो. मी असे वळण घेतलेल्या एका बँडला ऐकणे थांबवले, पण ठेका किंवा सिंथ यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. ब्लॅक मेटलबरोबर जो इतिहास येतो, त्याचे काय करायचे, हे त्या बँडने एका शब्दाने सांगितले नाही, म्हणून मी थांबलो.

६ जून १९९२ रोजी नॉर्वेतले फॅन्टॉफ्टचे लाकडी चर्च जाळले गेले. १० ऑगस्ट १९९३ रोजी युरोनिमसचा खून झाला आणि खुनी त्याच वर्तुळातला संगीतकार होता. त्यानंतरच्या काळात या संगीताच्या एका कोपऱ्यात उघड वंशद्वेषी बँडांची रांग उभी राहिली. बहुसंख्य ब्लॅक मेटल बँडांचा याच्याशी संबंध नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु ब्लॅक मेटलचा जुना श्रोता कोणते चिन्ह कुठून आले आहे हे ओळखतो आणि टाळायचे ते टाळतो. इंडस्ट्रियलमधून नव्याने आलेला श्रोता, आणि अनेकदा तो बँडही, ही वाट डोळे मिटून चालतो. टी-शर्टवर कुणाचे चिन्ह आहे आणि दौऱ्यावर सोबत कोणता बँड आहे, याची विचारणा केली की 'संगीताला संगीत म्हणून ऐका' असे उत्तर मिळते.

श्रोत्यांच्या दुफळीचा एक मोठा भाग या अस्वस्थतेतून येतो, असे माझे निरीक्षण आहे. तो ध्वनीच्या भाषेत व्यक्त होतो, कारण 'गिटार आवडली नाही' हे म्हणणे सोपे असते.

लोखंडी_पडदा

काठावरचा यांचा मुद्दा गंभीर आहे आणि तो केवळ ब्लॅक मेटलच्या पदरात टाकून मोकळे होता येणार नाही. ज्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्सचे नाव मी वर कौतुकाने घेतले, तिच्या बोधचिन्हात ऑशवित्झच्या छळछावणीतील इमारतीचे छायाचित्र वापरले होते. स्लोव्हेनियाच्या लायबाख बँडचे लोक १९८० पासून गणवेश आणि हुकूमशाहीची चिन्हे घेऊन मंचावर उभे राहत आले आहेत. त्यांचा हेतू त्या सत्तेचे सोंग उघडे पाडण्याचा होता, असे मीही मानतो. पण प्रेक्षकांत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते सोंग आहे हे समजले असेल, याची हमी कोण देणार? आमच्या पिढीने ही संदिग्धता कलेचा भाग म्हणून पचवली. नव्या श्रोत्यांना ती पचत नाही, आणि बँडला स्पष्ट प्रश्न विचारण्याची त्यांची सवय मला योग्य वाटते.

अरण्यवात

सहमत. आमच्याकडे ही चाळणी प्रत्येकाला स्वतः लावावी लागते, आणि नव्याने आलेल्या बँडने ती आल्याआल्या लावावी ही अपेक्षा वाजवी आहे. ज्याला ब्लॅक मेटलचा काळोख हवा आहे, त्याने त्यातला कोणता काळोख आपला नाही, हे सांगायला किती शब्द लागतात?

चौथा_ठोका (धागाकर्ता)

प्रतिसादांमुळे चर्चा अपेक्षेपेक्षा खोल गेली. आता माझ्या मूळ दाव्याकडे, म्हणजे यंत्राच्या मुद्द्याकडे परत येतो, कारण एमझेड ४१२ च्या उदाहरणाने तो मोडत नाही. उलट त्याला बळच मिळते. त्यांनी यंत्रखोली सोडली नाही. त्यांनी तिथले दिवे तेवढे घालवले.

उलट दिशेचा पुरावाही पाहू. सामाएल हा स्विस बँड ब्लॅक मेटलमधून आला. १९९४ पर्यंत त्यांचा झाय हा खराखुरा ड्रम वाजवत असे. १९९६ च्या 'पॅसेज'वर त्याने ड्रम सोडून की-बोर्ड आणि प्रोग्रामिंग हाती घेतले, आणि तेव्हापासून बँडचा ठेका यंत्राकडे गेला. त्याच वर्षी नॉर्वेच्या मिस्टिकमचा 'इन द स्ट्रीम्स ऑफ इन्फर्नो' आला. त्यावर ड्रम वाजवणारा माणूसच नव्हता. होते ते ड्रम मशीन, आणि तेही लपवून न ठेवता अगदी पुढे आणलेले. ब्लास्ट बीट माणूस वाजवतो तेव्हा त्याच्या मनगटाची ओढाताण ऐकू येते आणि त्या ओढाताणीतून संगीताला उग्रता येते. मशीन तोच ब्लास्ट बीट वाजवते तेव्हा ओढाताण नाहीशी होते, प्रत्येक आघात अगदी एकाच वजनाचा पडतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की हे आता थांबणारच नाही. ही भीती निराळी आहे. ती इंडस्ट्रियलने ब्लॅक मेटलला दिलेली देणगी आहे, आणि इंडस्ट्रियलमधून येणारा बँड तीच दारात ठेवून आत जातो तेव्हा मला त्याची कीव येते.

तिसरे उदाहरण ब्लॅक मेटलच्या बाहेरचे आहे, पण मुद्द्याला धरून आहे. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेशने १९८९ चा 'स्ट्रीटक्लीनर' ड्रम मशीनवर उभा केला. १९९६ च्या अल्बमवर त्यांनी माणसाला ड्रमवर बसवले, आणि २००१ च्या 'हिम्स'वर टेड पार्सन्स हा मातब्बर ड्रमवादक आला. वादनात काही उणे नव्हते, तरी बँडची धार बोथट झाल्यासारखी वाटली. बँडचा प्रमुख जस्टिन ब्रॉडरिक खुद्दही पुढे त्या अल्बमविषयी समाधानी राहिला नाही. बँड २००२ मध्ये फुटला, २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि २०१४ चा अल्बम घेऊन आला तेव्हा ड्रम मशीन परत आले होते. तिथे शैली बदललीच नव्हती, गिटार तीच होती, आवाज तोच होता; तरी यंत्र गेल्याचे श्रोत्यांना जाणवले.

अरण्यवात यांनी तपश्चर्येचा मुद्दा मांडला, त्यावर एक निरीक्षण. नॉर्वेच्या डार्कथ्रोनचा १९९१ चा पहिला अल्बम डेथ मेटल या मेटलच्याच दुसऱ्या प्रकारातला होता. पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये ते ब्लॅक मेटलकडे वळले, तेव्हा त्यांची प्रकाशन कंपनी पीसव्हिल नाखूश होती, आणि बेस वाजवणारा डाग निल्सेन तर नवी दिशा मान्य नसल्याने बँडमधून बाहेर पडला. त्या अल्बमवरचे त्याचे वादन त्याने केवळ पाहुणा म्हणून पूर्ण केले. म्हणजे ज्या अल्बमला आज ब्लॅक मेटलचा मानदंड मानले जाते, तोही एका बँडने शैली बदलून, आपल्याच माणसाला गमावून काढलेला होता. दारावर उभ्या असलेल्या रखवालदारांचे पूर्वज स्वतः पाहुणेच होते.

अवांतर: नॉर्वेच्या उल्व्हरने १९९७ च्या रानटी अल्बमनंतर पुढच्याच वर्षी ब्लॅक मेटल सोडले आणि २००० पर्यंत ते शहरी इलेक्ट्रॉनिक संगीतात पोहोचले. त्या वेळीही शिव्याशाप झाले, पण आज दोन्ही काळांचे चाहते बरेचसे एकच आहेत. इंडस्ट्रियलकडून ब्लॅक मेटलकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला ही क्षमा क्वचितच येते. त्याचे कारण फीतफिरकी यांच्या प्रतिसादात आहे, असे मला वाटते: उल्व्हरचा श्रोता घरी एकटा ऐकणारा होता, त्याला विचार बदलायला निवांत वेळ मिळाला. क्लबमधल्या श्रोत्याला तो वेळ गाणे पुन्हा लागले तरच मिळतो.

अरण्यवात

डार्कथ्रोनचे उदाहरण मान्य, पण त्यातला एक फरक दुर्लक्षू नये. ते वळले तेव्हा जिकडे वळायचे ते ठिकाण अजून तयार झालेले नव्हते. त्यांना अनुकरण करायला कुणी नव्हते, निदान त्यांच्या वयाचे कुणी नव्हते. आज वळणाऱ्या बँडपुढे तीस वर्षांचा तयार नकाशा आहे. धोका पत्करणे आणि कपडे बदलणे यांत एवढाच फरक असतो, आणि तो ऐकताना कळतो.

यंत्राच्या मुद्द्यावर मात्र मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. इटलीच्या आबोरिमचे सुरुवातीचे अल्बम मी कित्येक वर्षे टाळले होते, कारण ड्रम मशीनचा आवाज मला प्लास्टिकसारखा वाटे. त्यांचा गायक अटिला चिहार याचा आवाज ऐकण्यासाठी म्हणून ते लावले आणि त्या मशीनसाठीच ऐकत राहिलो.

नव_श्रोता

मी या दोन्ही प्रकारांत नवखा आहे. चर्चा रंजक आहे, परंतु इतकी नावे आली की कुठून सुरुवात करावी ते समजेना. यंत्र असणे आणि नसणे यातला फरक प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर सर्वांत सोपा मार्ग कोणता?

फीतफिरकी

सामाएलचे १९९४ आणि १९९६ चे अल्बम लागोपाठ ऐका. बँड तोच, गाणारा तोच, गिटारची पद्धतही फार बदललेली नाही. बदल आहे तो ठेक्याच्या मालकीत. त्यानंतर मिस्टिकम घ्या. साइक्लॉन नाइन शेवटी ठेवा आणि त्यांचे अल्बम प्रकाशनाच्या क्रमाने ऐका, उलट क्रमाने नको.

लोखंडी_पडदा

एमझेड ४१२ त्याच्याही नंतर. ते गाणी म्हणून ऐकायला गेलात तर निराशा होईल. अल्बम पूर्ण लावा आणि मध्येच उठू नका.

चौथा_ठोका (धागाकर्ता)

एक तांत्रिक सूचना. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मुद्रणांची तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणून मगच ऐकावे, कारण जे जरा मोठ्याने वाजते ते कानाला आपोआप सरस वाटते. बहुतेक अ‍ॅपमध्ये तशी सोय असते. ती चालू ठेवा. आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकू नका. किकची जी शेपटी छाटली गेली असे मी वर लिहिले आहे, ती तिथे मुळातच ऐकू येत नाही.